विश्लेषण : हजारो नाणी आणि एक सरळ रेषा... दा. ध. कोसंबी यांनी वजनाच्या आकड्यांतून इतिहास कसा वाचला?

नागपूरकरांच्या मोबाइलवर रोज निदान दोन-तीन रेषा येऊन जातात. मे महिन्यात पाऱ्याची, इतवारीच्या सराफा बाजारातील सोन्याच्या भावाची, सेन्सेक्सची. रेषा वर गेली की खाली आली, एवढे पाहून बोट पुढे सरकते. ते आकडे कोणी मोजले, त्यांची सरासरी कशी काढली, मधले काय गाळले, हे विचारायला सवड नसते.

सुमारे ८५ वर्षांपूर्वी पुण्यातील एका गणिताच्या प्राध्यापकाने मात्र अशाच एका साध्या रेषेला नेमके हेच प्रश्न विचारले. त्या रेषेच्या एका अक्षावर जुन्या चांदीच्या नाण्यांचे वजन होते आणि दुसऱ्या अक्षावर नाण्याच्या मागच्या बाजूवरील ठशांची संख्या. ज्या नाण्यांवर ना राजाचे नाव, ना साल, त्यांतली जुनी कोणती आणि नवी कोणती हे त्या रेषेवरून सांगता येऊ लागले.

हे प्राध्यापक म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासाचे विद्यार्थी त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात, गणिताचे विद्यार्थी गणिती म्हणून. त्यांच्या कामाचा हा दोन्हींना जोडणारा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. ही रेषा त्यांना कशी सापडली, आणि मोबाइलवर एका मोफत प्रोग्रॅमने आपल्यालाही तशी रेषा कशी काढता येते, ते पाहू.

कोण होते दा. ध. कोसंबी?

कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबें येथे झाला. तेव्हा गोव्यात पोर्तुगिजांची सत्ता होती. वडील आचार्य धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध साहित्याचे मोठे अभ्यासक. विदर्भाशी या घराण्याचा एक हळवा धागा आहे. धर्मानंदांनी आयुष्याच्या अखेरीस अन्नत्याग केला आणि जून १९४७ मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले.

धर्मानंद संशोधनासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात जात असत. १९१८ मध्ये ते मुलालाही सोबत घेऊन गेले. अकरा वर्षांचा दामोदर तिथल्या शाळेत शिकला आणि पुढे हार्वर्डमधूनच १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला. याच काळात त्याने अनेक युरोपीय भाषा आत्मसात केल्या.

अमेरिकेत राहण्याऐवजी कोसंबी त्याच वर्षी भारतात परतले. आधी बनारस हिंदू विद्यापीठ, मग अलिगढ मुस्लिम विद्यापीठ येथे त्यांनी गणित शिकवले. अलिगढला त्यांना बोलावणारे होते पुढे जगप्रसिद्ध झालेले फ्रेंच गणिती आंद्रे वेल. १९३३ मध्ये कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. वडिलांनीही पूर्वी याच महाविद्यालयात पाली शिकवली होती. इथे त्यांनी सुमारे १२ वर्षे काढली आणि नाण्यांचे काम याच काळात उभे राहिले.

गणिताचा प्राध्यापक नाण्यांकडे कसा वळला?

कोसंबी यांचा मूळ विषय भूमिती. मात्र फर्ग्युसनमध्ये असताना त्यांना संख्याशास्त्र नीट शिकायचे होते. केवळ पुस्तकातील उदाहरणे सोडवून हे शास्त्र हाती लागत नाही, खऱ्या आकड्यांवर काम करायला हवे, असे त्यांचे मत झाले. मग खरे आकडे कुठून आणायचे? त्यांनी निवडली नाणी.

निवड विचित्र वाटेल, पण तिच्यात तर्क होता. टांकसाळीतून बाहेर पडताना एका प्रकारच्या नाण्यांचे वजन जवळपास सारखे असते. पुढे ते नाणे हातोहात फिरते, थैलीत इतर नाण्यांवर घासते, दुकानाच्या फळीवर आपटते. प्रत्येक व्यवहारात धातूचा अगदी सूक्ष्म अंश झिजतो. म्हणजे नाणे स्वतःच आपल्या वापराची नोंद ठेवते. ही नोंद अक्षरांत नसून वजनात असते.

अडचण एवढीच की एकट्या नाण्यावर विश्वास ठेवता येत नाही. एखादे नाणे दहा वर्षे मडक्यात पडून राहते, तर दुसरे तेवढ्याच काळात शेकडो हातांतून जाते. एखादे मुळातच थोडे हलके पाडलेले असते. त्यामुळे एका नाण्याचे वजन पाहून त्याचे वय सांगणे म्हणजे निव्वळ अंदाज. शेकडो नाण्यांची सरासरी काढली, तर ही वैयक्तिक कमी-अधिक एकमेकांना खोडते आणि मागे उरते ती वर्षांची झीज. हा नियम चालतो की नाही, हे पाहायला कोसंबी निघाले.

आहत नाणी म्हणजे काय?

भारतातील सर्वांत जुन्या नाण्यांना आहत नाणी म्हणतात. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापायचे, वजन जुळवण्यासाठी गरज पडल्यास कोपरे छाटायचे आणि त्यावर एकेक ठसा हाणायचा, अशी ही पद्धत होती. त्यामुळे ही नाणी ओबडधोबड, चौकोनी किंवा गोलसर दिसतात.

यांतील प्रमुख नाणे कार्षापण. त्याचे प्रमाण वजन ३२ रत्ती, म्हणजे ३२ गुंजा मानले जाते. आजच्या हिशेबाने हे सुमारे साडेतीन ग्रॅम होते. गुंज म्हणजे लाल-काळी बी. सराफांच्या दुकानात ती वजन म्हणून अगदी अलीकडेपर्यंत दिसत असे.

या नाण्यांच्या दर्शनी बाजूला साधारणपणे पाच ठसे असतात. सूर्य, सहा आऱ्यांचे चक्र, टेकडी, प्राणी, झाड अशी ती चिन्हे आहेत. लिखाण मात्र एक अक्षरही नाही. मागच्या बाजूलाही ठसे असतात, पण ते लहान असतात आणि त्यांची संख्या ठरलेली नाही. काही नाण्यांची पाठ कोरी असते, काहींवर एक-दोन ठसे, तर काहींवर ठशांची दाटी.

दर्शनी बाजूचे पाच ठसे नाणे पाडतानाच मारले जात, हे उघड होते. मागचे ठसे कोणाचे आणि ते का मारले, हा प्रश्न अभ्यासकांसमोर होता.

तक्षशिलेच्या साठ्यात काय सापडले?

आज पाकिस्तानात असलेल्या तक्षशिला येथे भीर टेकडीवर १९२४ मध्ये उत्खननात चांदीच्या नाण्यांचा एक साठा मिळाला. त्यात हजाराहून अधिक आहत नाणी होती. सोबत अलेक्झांडरची आणि त्याच्यानंतर गादीवर आलेल्या फिलिप अरिडियसची नाणीही होती. ही ग्रीक नाणी जवळजवळ कोरी, न झिजलेली होती. त्यावरून हा साठा इसवी सनपूर्व ३१७ च्या सुमारास जमिनीत पुरला गेला असावा, असा निष्कर्ष निघाला.

अशा साठ्याचे महत्त्व समजून घ्यायला हवे. बाजारात फिरणारी नाणी रोज झिजत असतात. पुरलेल्या दिवशी मात्र साठ्यातील सगळ्या नाण्यांची झीज एकाच वेळी थांबते. साठा म्हणजे बंद पडलेले घड्याळच. त्यातील कोणते नाणे किती काळ फिरले, एवढाच फरक उरतो.

या साठ्याचा सविस्तर अहवाल ई. एच. सी. वॉल्श यांनी तयार केला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तो १९३९ मध्ये प्रसिद्ध केला. वॉल्श यांनी प्रत्येक नाण्यावरील ठसे आणि त्याचे वजन काळजीपूर्वक नोंदवले होते. पानेच्या पाने आकड्यांनी भरली होती. पण तक्त्यात एकाखाली एक लिहिलेल्या हजार वजनांकडे कितीही वेळ पाहिले, तरी त्यांत दडलेला क्रम डोळ्यांना दिसत नाही. तो बाहेर काढायला संख्याशास्त्र लागते. कोसंबी यांच्या हाती तो अहवाल अगदी योग्य वेळी पडला.

रेषा दिसली कशी?

कोसंबी यांनी केलेली पहिली गोष्ट सोपी होती. त्यांनी नाण्यांचे गट पाडले. ज्यांच्या पाठीवर एकही ठसा नाही, ती एका गटात. एक ठसा असलेली दुसऱ्या गटात. दोन ठशांची तिसऱ्या, आणि असेच पुढे. मग प्रत्येक गटाच्या वजनाची सरासरी काढली.

आडव्या अक्षावर ठशांची संख्या आणि उभ्या अक्षावर सरासरी वजन घेतले, तर बिंदू एका उतरत्या सरळ रेषेजवळ बसतात, असे दिसून आले. पाठीवर जितके ठसे जास्त, तितके सरासरी वजन कमी. आणि ही घट वेडीवाकडी नव्हती. प्रत्येक वाढीव ठशामागे साधारण सारखेच वजन कमी होत होते.

इथे रेषा सरळ असणे महत्त्वाचे आहे. ठसे कोणीही, केव्हाही, मनाला येईल तसे मारले असते, तर ठशांची संख्या आणि झीज यांचा असा नियमित संबंध दिसला नसता. सरळ रेषेचा अर्थ असा की दोन ठशांच्या मध्ये साधारण सारखा काळ जात होता. म्हणजे ठराविक कालावधीने कोणीतरी ही नाणी तपासत होते, वजन आणि चांदीचा कस पाहत होते आणि खात्री पटली की पाठीवर आपले चिन्ह उमटवत होते.

कोण होते हे लोक? कोसंबी यांच्या मते हे काम राजाच्या अधिकाऱ्यांचे नसून व्यापाऱ्यांचे आणि सराफांचे. पाठीवरचा प्रत्येक ठसा म्हणजे बाजाराने दिलेली मान्यता. आज हॉलमार्क पाहून आपण दागिना घेतो, त्याच जातीची ही कल्पना.

मागच्या ठशांची संख्या हे नाण्याचे वय ठरले, की पुढची पायरी सोपी होते. दर्शनी बाजूला सारखेच पाच ठसे असलेली नाणी एका राजवटीची धरायची. ज्या गटाचे सरासरी वजन कमी आणि पाठीवर ठसे जास्त, तो गट जुना. अशा रीतीने नावे नसलेल्या नाण्यांचे गट काळाच्या क्रमाने मांडता आले. कोणता गट नेमका कोणत्या राजाचा, यावर अभ्यासकांत पुढेही मतभेद राहिले. मात्र वजन हा इतिहासाचा पुरावा होऊ शकतो, ही गोष्ट कोसंबी यांनी रुजवली. १९४० आणि १९४१ मध्ये त्यांचे याविषयीचे पहिले शोधनिबंध प्रसिद्ध झाले.

नियम खरा कशावरून?

कोसंबी यांचे वेगळेपण इथे दिसते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाण्यांवर नियम बसला, एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी स्वतःच्या काळातील, चलनात असलेली नाणी गोळा केली. त्यांच्यावर सालच छापलेले असल्यामुळे वय माहीत होते. हजारो नाणी एकेक करून नाजूक तराजूवर तोलली गेली.

निकाल नियमाच्या बाजूने लागला. नाणे जितकी वर्षे चलनात, तितके सरासरी वजन कमी. शिवाय आणखी एक गोष्ट दिसली. जुन्या सालाच्या नाण्यांची वजने एकमेकांपासून अधिक लांब विखुरलेली होती. नवी नाणी एकसारखी असतात आणि जसजसा काळ जातो तसतसे प्रत्येकाचे नशीब वेगळे होते, असा याचा अर्थ. सरासरी घटते आणि विखुरलेपणा वाढतो, या दोन खुणा एकत्र दिसल्या तर झीज खरी.

त्या काळात भारतात संगणक नव्हते. देशातील पहिला डिजिटल संगणक कोलकात्यात आला तो १९५०च्या दशकात. कोसंबी यांची सगळी बेरीज-वजाबाकी हाताने, तक्त्यांच्या आणि साध्या गणनयंत्रांच्या जोरावर चालली.

हीच रेषा आज मोबाइलवर कशी काढाल?

हे काम आज काही मिनिटांत होते. त्यासाठी ग्नूप्लॉट हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे. थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी तो १९८६ मध्ये लिहायला सुरुवात केली. त्यात बटणे नसतात. आज्ञा टाइप करायची आणि आलेख मिळवायचा. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे ॲप घेतले, तर त्यात 'पीकेजी इन्स्टॉल ग्नूप्लॉट' या आज्ञेने तो बसवता येतो. खालील सर्व आज्ञा प्रत्यक्षात इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या आहेत.

पहिली पायरी : घरातील डब्यातून एक रुपयाची नाणी काढा आणि सराफाकडे असतो तसा शंभरांश ग्रॅम दाखवणारा काटा मिळवा. स्वयंपाकघरातील काटा चालणार नाही, तो एवढा बारीक फरक दाखवत नाही.

दुसरी पायरी : साधी टेक्स्ट फाइल करा. प्रत्येक ओळीत आधी नाण्यावरील साल, मग मोकळी जागा, मग वजन. अंक इंग्रजीच हवेत, मराठी अंक ग्नूप्लॉटला कळत नाहीत. स्वतःसाठी टीप लिहायची असेल, तर ओळीच्या सुरुवातीला हॅश चिन्ह द्या. ती ओळ प्रोग्रॅम सोडून देतो.

तिसरी पायरी : ग्नूप्लॉट सुरू करून आधी 'सेट टर्मिनल डम्ब' ही आज्ञा द्या. त्यामुळे आलेख अक्षरांच्या रूपात त्याच काळ्या पडद्यावर उमटतो. मग 'प्लॉट', पुढे अवतरणचिन्हांत फाइलचे नाव, त्यापुढे 'युजिंग १:२ विथ लाइन्स'. इथे १:२ म्हणजे पहिला स्तंभ आडव्या अक्षावर आणि दुसरा उभ्या अक्षावर.

पडद्यावर जे येईल ते पाहून बहुतेकांची निराशा होईल. रेषेऐवजी कोंबडीच्या पायासारखे फराटे दिसतील. कारण एकाच सालाची अनेक नाणी आहेत आणि प्रोग्रॅम फाइलमधील क्रमाने एका नाण्याचा बिंदू दुसऱ्याला जोडत सुटला आहे.

आता 'युजिंग १:२' नंतर 'स्मूद युनिक' हे दोन शब्द घाला आणि शेवटी 'विथ लाइन्सपॉइंट्स' लिहा. ग्नूप्लॉट सालांचा क्रम लावतो, एका सालाच्या सगळ्या नाण्यांची सरासरी काढतो आणि त्या सरासऱ्या जोडतो. तक्षशिलेच्या नाण्यांचे गट पाडून कोसंबी यांनी जे केले, तेच या दोन शब्दांत होते. फराट्यांच्या जागी रेषा येते.

रेषा कुठे फसवते?

तुमच्या रेषेत २०११ च्या आसपास एकदम मोठा खड्डा दिसेल. नाणी तेव्हा अचानक झिजली का? नाही. एक रुपयाच्या जुन्या स्टीलच्या नाण्याचे ठरलेले वजन ४.८५ ग्रॅम होते. २०११ च्या मालिकेत सरकारने ते ३.७९ ग्रॅम केले. २०१९ मध्ये पुन्हा नवी मालिका आली. म्हणजे हा उतार टांकसाळीचा आहे, बाजाराचा नाही. वेगवेगळ्या मालिकांची नाणी वेगळ्या फाइलमध्ये ठेवली, तरच झीज शोधता येईल. स्टील चांदीपेक्षा कठीण असल्याने ती फारच थोडी असेल आणि थोड्या नाण्यांवर कदाचित दिसणारही नाही.

दुसरा धोका उभ्या अक्षाचा. ग्नूप्लॉट तो अक्ष शून्यापासून सुरू करत नाही, उपलब्ध आकड्यांपुरताच ठेवतो. त्यामुळे चिमूटभर घटही कड्यासारखी दिसते. 'सेट वायरेंज' या आज्ञेने अक्ष शून्यापासून घेतला, की तीच रेषा जवळजवळ सपाट होते. बातम्यांतील आलेख पाहतानाही हीच नजर ठेवायला हवी.

तिसरा धोका आपला स्वतःचा. आम्ही इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रॅक्टिकलची जर्नल लिहिताना अनेकदा आधी ग्राफ पेपरवर सुबक रेषा ओढायचो आणि मग तिच्यावर बसतील असे बिंदू द्यायचो. सरांची सही मिळायची, पण त्या रेषेतून आम्हाला नवे काही कळत नसे. कोसंबी यांनी चलनातील हजारो नाणी तोलण्याचा कंटाळवाणा उद्योग केला तो नेमका याच्या उलट कारणासाठी. आपली रेषा चूक ठरण्याची संधी त्यांनी आकड्यांना दिली.

पुढे काय झाले?

फर्ग्युसनच्या अखेरच्या वर्षांत कोसंबी यांनी गणितातही मोलाचे काम केले. १९४३ मधील त्यांच्या एका निबंधातील पद्धत आज अभियांत्रिकीत मोठ्या माहितीसाठ्याचे सार काढण्यासाठी वापरली जाते, पण ती बहुतेक इतरांच्या नावाने ओळखली जाते. १९४४ मध्ये त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर मोजण्याचे सूत्र मांडले. ते मात्र कोसंबी यांच्याच नावाने जगभर शिकवले जाते.

यानंतर होमी भाभा यांनी त्यांना मुंबईत नव्याने उभ्या राहिलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. कोसंबी पुण्यातच राहत आणि डेक्कन क्वीनने ये-जा करत. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी परदेशात इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांचा अभ्यास केला. सुट्टीच्या दिवशी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, लेणी आणि खेड्यांतील देवस्थाने ते पायी हिंडून पाहत. त्यातूनच १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला. राजांच्या याद्यांपेक्षा लोक कसे जगत, काय पिकवत आणि कशाने व्यवहार करत, हे त्यात केंद्रस्थानी होते.

वाद कशावरून झाले?

कोसंबी स्पष्टवक्ते होते. भाभा हे अणुऊर्जा कार्यक्रमाचे प्रमुख असताना त्यांच्याच संस्थेतील कोसंबी भरपूर ऊन असलेल्या या देशाने खर्चीक अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेकडे वळावे, असे जाहीरपणे मांडत होते. नागपूरच्या छतांवरील सौर पॅनल पाहताना हे आठवावे असे आहे. तेव्हा मात्र या भूमिकेने अंतर वाढवले.

त्यात १९५९ ची घटना घडली. मूळ संख्यांच्या वाटणीशी संबंधित रीमान गृहीतक हा गणितातील सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एक. १८५९ मध्ये मांडलेला हा प्रश्न आजही सुटलेला नाही. कोसंबी यांनी संभाव्यतेच्या मार्गाने तो सुटल्याचा दावा केला आणि तो निबंध कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. गणितज्ञांनी ही सिद्धता मान्य केली नाही आणि कोसंबी यांच्या नावाला धक्का बसला.

नाण्यांच्या कामाशेजारी हा प्रसंग ठेवला, की एक फरक ठळक होतो. नाण्यांची रेषा थोडी चुकली तरी चालते. नवी नाणी तोलून ती सुधारता येते. गणितातील सिद्धतेला मात्र 'बहुतेक वेळा खरे' असणे पुरत नाही. आकड्यांचा कल दाखवणे आणि विधान सिद्ध करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका कामात ज्या दृष्टीने त्यांना यश दिले, तीच दुसऱ्या कामात अपुरी पडली.

१९६२ मध्ये टाटा संस्थेतील त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. १९६४ पासून वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे मानद शास्त्रज्ञ म्हणून ते पुण्यातील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेत काम करू लागले.

१९६६ मधील लेख कोणता विषय घेऊन आला?

फेब्रुवारी १९६६ मध्ये अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात कोसंबी यांचा लेख आला. विषय होता, शास्त्रीय नाणकशास्त्र. पहिल्या शोधनिबंधांना पंचवीस वर्षे उलटून गेली होती, तरी ते त्याच तराजूपाशी होते. यानंतर काही महिन्यांतच, २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. २००८ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

नागपूरशी याचा संबंध काय?

नागपूरला नाण्यांच्या अभ्यासाची स्वतःची परंपरा आहे. १८६३ मध्ये सुरू झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, येथे जुनी नाणी आहेत. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळे येथे १९३९ मध्ये मिळालेल्या सातवाहन नाण्यांच्या साठ्याचा अभ्यास करून राजांचा क्रम लावण्यास मदत केली. कोसंबी पुण्यात आहत नाण्यांची वजने मांडत होते, तो हाच काळ. मिराशी यांच्या हाती राजांची नावे कोरलेली नाणी होती, कोसंबी यांच्यापुढे मुकी नाणी होती. म्हणून एकाने अक्षरे वाचली आणि दुसऱ्याने वजन.

अजब बंगल्यात पुढच्या वेळी नाण्यांच्या काचेपुढे उभे राहाल, तेव्हा आहत नाण्याची पाठ दिसते का ते पाहा. तिथले लहान ठसे मोजा. प्रत्येक ठशामागे कुणीतरी सराफ आहे. त्याने ते नाणे तोलून पाहिले होते, आणि मगच पुढच्या हातात दिले होते.